गाळलेला नमस्कार

टेबलाखाली मीरिमच्या पायाशी जो काळा डबा दिवसभर घूं घूं करत बसलेला असतो, तो मी. येणारी गिऱ्हाईकं वरच्या पडद्यालाच कॉम्प्युटर समजतात आणि माझ्यावर खुशाल पाय टेकून बसतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पडदा नुसता दाखवतो, राबतो मी. कराकोल गावात अलीकडे जी लग्नं झाली त्यातली निम्मी तरी माझ्या पोटातून गेली आहेत. लग्न या गोष्टीवर बोलायचा अधिकार गावात कुणाला असेल तर तो मला, आणि मी स्वतः लग्नाचा नसल्यामुळे थोडं तटस्थपणे बोलू शकतो.

माझा जन्म एका जागी झाला नाही. पंखा एका देशातला, मेमरी दुसऱ्या देशातली, पत्र्याचा सांगाडा तिसरीकडचा. हे सगळे तुकडे राजधानी बिश्केकच्या बाजारात एका दुकानदाराने स्क्रूने आवळले आणि त्या दिवशी मी डोळे उघडले. समोर बहीणभाऊ उभे होते. उलारबेक लग्नांचं चित्रण करतो आणि मीरिम ते कापून जोडून त्याची फिल्म बनवते. ती थोरली, म्हणून तो तिला 'एजे' म्हणतो, आणि तिचं ऐकतो असंही दाखवतो.

मी त्यांना सहजासहजी पसंत पडलो नाही. कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की ज्याला त्याला मत फुटतं. गेम खेळणारा मावसभाऊ म्हणाला होता, सगळी रक्कम ग्राफिक कार्डात ओता. त्यांना बाजारात आणून सोडणारा टॅक्सीवाला म्हणाला, मोठ्यात मोठा घ्या, बारका घ्याल तर पस्तावाल. दुकानदाराच्या मते तर त्याच्याकडे जो माल पडून होता तोच जगातला सर्वोत्तम होता. उलारबेकला काचेच्या कुशीचा आणि आतून निळे-जांभळे दिवे लागणारा डबा हवा होता.

"गिऱ्हाईक दारात आलं की त्याचे डोळे दिपले पाहिजेत, एजे."

"डोळे दिपवायला तू आहेस की," मीरिम म्हणाली. "मला आजोबांचं भाषण न अडकता पुढं सरकवणारं यंत्र हवंय."

तिने घरून एका लग्नाचं चित्रण बरोबर आणलं होतं. ते तिने दुकानातल्या प्रत्येक यंत्रावर चालवून पाहायला लावलं. मध्येच थांबवायचं, मागे न्यायचं, परत पुढे. दुकानदार वैतागला. त्याने विचारलं, यंत्र घ्यायला आलात की सून पसंत करायला? मीरिम म्हणाली, सून चुकली तर परत कुरबुर करत का होईना नांदते, हे नांदणार नाही. शेवटी मी पास झालो. माझा प्रोसेसर असा होता की कॅमेऱ्यातलं घट्ट कोंबलेलं चित्रण तो विनासायास मोकळं करत असे. मेमरी भरपूर. हातातल्या कामासाठी छोटी चपळ डिस्क, आणि जुनं कच्चं चित्रण साठवायला एक मोठी संथ डिस्क. ग्राफिक कार्ड मात्र बेताचं, कारण तेव्हाच्या एडिटिंगच्या प्रोग्रामला तेवढं पुरत होतं. पुढे ते पुरेनासं झालं यात मीरिमची चूक नव्हती. प्रोग्राम वाढतात आणि डबे वाढत नाहीत.

गादीसारख्या जाड दुलईत गुंडाळून, आमच्याकडच्या मोठ्या सरोवराच्या काठाकाठाने, मीरिमच्या मांडीवर बसून मी गावात आलो. आमच्या दुकानाच्या खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने दोन्ही हात पसरून माझ्यासाठी आशीर्वाद मागितला आणि हात चेहऱ्यावरून फिरवून 'ओमिन' म्हणाला. शेजारणी आल्या. इकडे नवी सून पाहायला जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत, कोरुमदुक न्यावं लागतं, म्हणजे तोंड पाहण्याची भेट. एक जण थट्टेने माझ्या डोक्यावर रुमाल टाकून गेली. तो अजून माझ्यावर असतो, फक्त आता त्याने धूळ पुसतात.

मग कामाला लागलो. माणसांविषयी जे काही मला कळतं ते इथेच कळलं. या लोकांच्या लग्नात बोलायला उभं राहिल्याशिवाय कुणी घरी जात नाही. मामा बोलतो, मामाचा मित्र बोलतो, नवऱ्याला शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई बोलतात. आणि फिल्ममधून कुणालाही गाळायचं नाही, हा अलिखित कायदा आहे. एखाद्या काकाचं भाषण अर्धं कापलं तर तो काका जन्मभर त्या घरचा मटणाचा तुकडा नाक मुरडून खाईल. त्यामुळे आमच्या फिल्मा लांबच लांब होतात. त्या पूर्ण कुणी बघत नाही. प्रत्येक जण आपण कुठे आलो तेवढं शोधतो, आपण जाड दिसलो म्हणतो आणि चहाकडे वळतो. ती भाषणं सलग ऐकणारे जगात दोघेच, मीरिम आणि मी.

आता अपडेटविषयी. मी ज्या प्रोग्रामवर राबतो तो बनवणारी माणसं दूर कुठेतरी आहेत आणि त्यांना स्वस्थ बसवत नाही. थोड्या थोड्या दिवसांनी पडद्याच्या कोपऱ्यात सूचना उगवते की नवी आवृत्ती तयार आहे, घेणार का? मीरिमचं बोट ठरल्यासारखं 'नंतर'वर जातं. तिचा नेम असा, की लग्नसराईत प्रोग्रामला हात लावायचा नाही. बर्फ पडून लग्नं थांबली की आधी सगळ्या कामाची दुसरी प्रत काढायची, जुन्या आवृत्तीची प्रत चहाच्या डब्यातल्या पेन ड्राइव्हवर ठेवायची, आणि मग काय ते अपडेट. उलारबेक याला भित्रेपणा म्हणतो. त्याला नवं ते सगळं आजच हवं असतं.

त्या शरद ऋतूत लग्नं अंगावर कोसळली. नेमकी तेव्हाच मीरिमला बटाटे काढायला सासरच्या गावी जावं लागलं. शेत काही लग्नसराई संपेपर्यंत थांबत नाही. ती जिना उतरली असेल-नसेल, तोच उलारबेक माझ्यासमोर बसला. कोपऱ्यातली सूचना या खेपेला मोठ्या गोडीने बोलत होती. नवी आवृत्ती म्हणे भाषणं आपण होऊन ऐकते, आणि जिथे कुणी बोलत नाही त्या रिकाम्या जागा स्वतःच शोधून गाळून टाकते. खोकणाऱ्या, विचार करत उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना वैतागलेल्या उलारबेकला स्वर्ग दोन बोटं उरला. त्याने 'हो' दाबलं. जुनी कामं नव्या साच्यात बदलायची का? हो. पुन्हा मागे फिरता येणार नाही, चालेल? हो. दुसरी प्रत काढायचं त्याच्या गावीही नव्हतं.

नवी आवृत्ती उतरली आणि मला धाप लागली. अशा प्रोग्रामबरोबर एक पान येतं, त्यावर यंत्र किमान कसं असावं आणि कसं असलेलं बरं हे लिहिलेलं असतं. किमान म्हणजे प्रोग्राम उघडतो. बरं म्हणजे तो चालतो. मी किमानच्याही काठावर होतो. तरी पंखा जोरात फिरवत मी सांगितलं ते केलं.

त्या दिवशी हातात होती एर्मेकच्या लग्नाची फिल्म. एर्मेकची आई साल्तानात-आपा गावात मानाची बाई, नवरा मागेच वारलेला. सून बुरुल, बिश्केकची, शहरात वाढलेली. हॉटेलातल्या समारंभात सतत गाणी वाजत होती, तिथे प्रोग्रामला रिकामं असं काही सापडलं नाही. कापलं गेलं ते घरातलं. कोण बोलतंय, कोण नाही, एवढंच पाहत मी एकेक जागा गाळत गेलो. माझ्या दृष्टीने तिथे काहीच नव्हतं. उलारबेकने फिल्म भराभर पुढे सरकवून पाहिली, छान आटोपशीर झाली म्हणाला आणि पेन ड्राइव्हवर घालून देऊन टाकली.

पुढचं मला एर्मेककडून कळलं. तो दुकानात शिरला तेव्हा जिन्यावरच त्याचा आवाज चढला होता.

झालं होतं असं. साल्तानात-आपाची थोरली नणंद कानिशाय घाटापलीकडे नारिनला राहते. उंच घाटात अवेळी बर्फ पडल्यामुळे तिला लग्नाला येता आलं नव्हतं. ती आता आली, तिच्या मानासाठी नातेवाईक जमले, चहा आणि तळलेल्या पिठाचे बोर्सोक मांडून मोठ्या टीव्हीवर फिल्म लावली. फिल्ममध्ये बुरुल डोक्यावर पांढरा रुमाल घेऊन उंबरा ओलांडते आणि पुढच्याच क्षणी बसून चहा ओतते. मधलं गायब. इकडे सून घरात आली की मोठ्यांसमोर तीनदा वाकते, काही न बोलता. त्यावरच सारं असतं. कानिशाय-आपाने ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. मग ती म्हणाली, शहरातल्या मुलींच्या कंबरा ताठ असतात असं ऐकून होते, आज पाहिलं.

त्या घरातली बरीच माणसं लग्नाला हजर होती. बुरुल वाकली होती हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पडद्यावर नाही म्हटल्यावर तीही घुटमळली. एकीला वाटलं, दोनदा वाकली असेल. दुसरीला आठवेना. माणसाचा आपल्या डोळ्यांपेक्षा आमच्यावर जास्त विश्वास असतो. आम्हाला त्याचं काही सुख नाही. कानिशाय-आपा म्हणाली, मग आता वाकू दे, मी बसलेच आहे. बुरुलने सासूकडे पाहिलं. साल्तानात-आपा टेबलावरचा कपडा नीट करत राहिली. बुरुल म्हणाली, मी एकदा वाकले आहे, चोर म्हणून पुन्हा वाकणार नाही. दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. फोन उचलत होती, पण परत कधी येणार या प्रश्नावर विषय बदलत होती.

"माझ्या बायकोचा नमस्कार खाल्लास तू," एर्मेक उलारबेकला म्हणाला. "तो मला परत दे."

उलारबेकने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. डबा जुना झालाय, नवा घ्यायलाच हवा, याच्यामुळेच घोळ होतो. मग तो नवं ग्राफिक कार्ड कसलं घ्यावं यावर बोलायला लागला. एर्मेकने त्याची गचांडी धरली नाही, हे त्याच्या आईचे संस्कार.

मीरिमला निरोप गेला. ती आली तेव्हा तिच्या नखांत अजून माती होती. तिने फिल्मचं काम उघडलं, मी मध्येच कोसळलो. पुन्हा उघडलं, पुन्हा कोसळलो. चहाच्या डब्यातून जुनी आवृत्ती काढली, तर ती नव्या साच्यातलं काम ओळखेचना. उलारबेक भिंतीला टेकून उभा होता. मग तिने प्रोग्राम बाजूला सारला आणि माझ्या मोठ्या संथ डिस्कवरचं कच्चं चित्रण साध्या प्लेअरमध्ये लावलं. तिथे सगळं जसंच्या तसं होतं. नवी आवृत्ती फिल्ममधून गाळू शकते. माझ्या पोटातून नाही.

बुरुल उंबरा ओलांडते. दोन्ही हात जुळवते, वाकते. एकदा, दोनदा, तीनदा. एर्मेकने मोठा श्वास सोडला आणि फोन काढला. आता हे सगळ्यांना पाठवतो, आत्याला आधी, असं म्हणत होता.

"थांब," मीरिम म्हणाली. "तू फक्त बायकोला बघतोयस. आधी आईला घेऊन ये. एकटीला."

त्याला काही कळलं नाही, पण त्याने फोन खिशात घातला.

साल्तानात-आपा आली ती कोट न काढताच बसली. मीरिमने चित्रण लावलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिली. सून वाकली की मोठ्यांनी 'आयुष्यवंत हो' म्हणायचं असतं. घरात सासू असताना तिच्या आधी कुणी तोंड उघडत नाही. बुरुल तिसऱ्यांदा वाकून तशीच थांबलेली दिसत होती, त्या शब्दाची वाट बघत. बायका साल्तानात-आपाकडे बघत होत्या. आणि साल्तानात-आपा दुसरीकडे तोंड करून टेबलावरचा कपडा नीट करत होती. शेवटी बुरुल आपली आपणच उभी राहिली. तेवढ्या वेळात घरात कुणीही एक शब्द बोललं नाही. म्हणून तर ती जागा मला रिकामी वाटली होती.

साल्तानात-आपाने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

"मला वाटायचं, मला रडू आलं म्हणून शब्द निघाला नाही," ती म्हणाली. "सगळ्यांना मी तेच सांगितलं."

मीरिमने चहा ओतून तिच्यापुढे ठेवला.

"माझ्या मनात दुसरी मुलगी होती. इथलीच, पलीकडच्या आळीतली. पोराने ऐकलं नाही, त्याचा राग मी हिच्यावर काढला." तिने पडद्यावरची नजर काढली नाही. "पोरी, आता माझा आवाज इथे घालता येतो का गं? त्या जागी?"

"येतो," मीरिम म्हणाली. "कुणाला कळणारही नाही, आपा. फक्त बुरुलला कळेल."

मीरिमने ओतलेला चहा थंड झाला. मग साल्तानात-आपा उठून जिना उतरली आणि थेट बिश्केकच्या गाडीत बसली. इकडे सासू सुनेच्या माहेरच्या दारात जात नाही. गावाने तोंडात बोट घातलं.

त्यानंतर जे घडलं ते माझ्यासमोर घडलं. मीरिमने जुन्या आवृत्तीत फिल्म मुळापासून पुन्हा बांधायला घेतली होती, आणि एक दिवस त्या दोघी बरोबर आल्या. बरोबर म्हणजे एका जिन्याने. बुरुलच्या बोलण्यावरून समजलं की सासूने तिच्या माहेरी चहा घेतला, हवापाण्याच्या आणि बटाट्याच्या गप्पा मारल्या, आणि कामाचं एक अक्षर काढलं नाही. नुसतं म्हणाली, फिल्म बघायला चल. बुरुल आली होती ती थंडीचे कपडे न्यायला. ते भरलेली तिची मोठी बॅग दाराशीच ठेवलेली होती, इथूनच परत माहेरी निघायच्या तयारीने.

मीरिमने त्या जागेपाशी फिल्म थांबवली आणि बुरुलला विचारलं, हे असंच ठेवू, की इथे गाणं घालू? गाणं घातलं की कुणी बोललं नाही हे लक्षात येत नाही. सगळी घरं तसंच करतात.

"गाणं नको," बुरुल म्हणाली. "झालं तसं राहू दे."

मीरिमने बटण दाबलं. पडद्यावरची बुरुल वाकली आणि वाट बघत राहिली. खोलीत माझ्या पंख्याचा तेवढा आवाज होता. साल्तानात-आपा खुर्चीतून उठली. पडद्याकडे नव्हे, सुनेकडे वळली.

"आयुष्यवंत हो, लेकी. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. माझ्या घरात तुझं पाऊल शुभाचं आहे. कानिशायला मी सांगेन, तू वाकलीस आणि मी बोलले नाही."

पडद्यावरचा प्रसंग संपून चहा ओतण्यापर्यंत आला. वातावरण जरा सैल व्हावं म्हणून मीरिमने किटलीला हात घातला आणि चहा टाकू का विचारलं.

"नको, मीरिम-एजे," बुरुल म्हणाली आणि दाराशी जाऊन बॅग उचलली. "आम्ही घरी जाऊनच घेऊ. आपा, तुम्ही पुढे व्हा, जिना निसरडा आहे."

मी यंत्र आहे, मला यावर काही वाटणं अपेक्षित नाही. तरी सांगतो, त्या दिवशी मला बरं वाटलं.

आता माझ्याशेजारी नवा डबा आला आहे. काचेच्या कुशीचा, आत निळे-जांभळे दिवे. उलारबेकचा हट्ट एकदाचा पुरा झाला. पण त्याचं कार्ड निवडताना मीरिमने याही वेळी दुकानदाराला रडकुंडीला आणलं. नव्या आवृत्त्या आता तो डबा झेलतो, आणि तिचा नेम न मोडता हिवाळ्यातच झेलतो. माझी इंटरनेटची तार काढून टाकली आहे. जगाच्या दृष्टीने मी जुनाट झालो. माझ्याकडे जुना प्रोग्राम आहे आणि गावातल्या लग्नांचं न कापलेलं चित्रण आहे. कुणाला काही हरवल्यासारखं वाटलं की मीरिम माझं बटण दाबते.

माझं मागणं मोठं नाही. नव्याला खुशाल घ्या, फक्त त्याला 'हो' म्हणण्याआधी आपल्याकडे जे आहे त्याची एक प्रत काढून ठेवा, आणि कुणी बोलत नाहीये म्हणून ती जागा रिकामी समजू नका. एर्मेकच्या लग्नाची फिल्म त्या घरात आजही बघतात. त्यात सून वाकते, वाट बघते आणि कुणी काही बोलत नाही. साल्तानात-आपा या खोलीत जे बोलली ते माझ्या कुठल्याही डिस्कवर नाही, कारण त्या वेळी माइक लावलेला नव्हता. ज्या दोघींना ते हवं होतं, त्या दोघींकडे ते आहे.